वैशाखात न मिटलेली भेग

जळकोट,
शुक्रवार, सकाळ

प्रिय रणधीर,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या वहिनीच्या हाती हे पत्र पाठवतो आहे. तुझ्या शिवप्रियाच्या लग्नात थोरला चुलता मानपानावरून रुसून बसला, असं तू घरभर सांगितलंस म्हणे. सांग बापडा. मला फेटा नको नि आहेरही नको. फक्त हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून शेवटपर्यंत वाच.

काल तू वाशीहून तो ठेकेदार आणलास आणि मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधली भेग त्याला दाखवलीस. "काय होत न्हाय, वरून डांबर वतू, लगीन व्हायच्या आत काळंभोर करून देतो," असं तो म्हणाला आणि तू मान डोलावलीस. अरे, तीस वर्षं डांबरानं हात भाजून घेतले मी. वैशाखात कुणी भेगा भरतं का? उन्हानं डांबर फुगतं, भेगा आवळून येतात. मग ओतलेला माल वरच बसतो आणि गाड्यांच्या टायरला चिकटून निघून जातो. पावसाळ्यात आत ओल असते, तेव्हा तो धरतच नाही. दिवाळी झाली, ओल सुकली, थंडी अजून झोंबायला लागली नाही, अशा पंधरा-वीस दिवसांत भेग बेताची उघडी असते. तेच तिचे दिवस. लग्नाचा मुहूर्त तू दोन-दोन भटजींना विचारलास, या कामाचा मात्र कुणालाच विचारत नाहीस.

गेल्या कार्तिकात तुझ्या भेगा मीच भरल्या होत्या. तारेच्या ब्रशनं एकेक घासत होतो, तेव्हा दादा भेगांचे दात घासतायत म्हणून तू सगळ्यांना हसवलंस. स्वयंपाकघराच्या मागं, टँकर लागतो तिथली वाकडी भेग भरायला मी अख्खा दिवस घालवला. तुला वाटलं, म्हातारा कामात रमला.

चैत्रात पुन्हा येऊन पाहिलं. बाकीच्या सगळ्या भेगा शहाण्यासारख्या बसल्या होत्या. ती एकटीच उलटी वागत होती. ऊन तापत गेलं तशी ती रुंदावत गेली, वाकत वाकत जाऊन स्वतःलाच मिळाली. आता तिचं पुरं कडं झालं आहे, बारा हातांचं. सोमवारी आतली माती खरवडावी म्हणून पहार घातली, तर ती कुठंच अडली नाही. हातातून सुटली. खालून आवाज आला, पण फार उशिरा आला. संध्याकाळीच तुझ्याकडं आलो आणि गाड्या कल्याणप्पांच्या मोकळ्या रानात लाव म्हणालो. का, असं तू विचारलंस, तर मी पाणीही न घेता तसाच माघारी फिरलो. तिथूनच तुझ्या डोक्यात मानपान शिरलं.

तिथं आपली जुनी विहीर होती, रणधीर. ती बुजवली तेव्हा तू पुण्याला शिकत होतास. आईनं विहिरीतल्या साती आसरांची ओटी भरली, खण-नारळ काठावर ठेवला आणि मला बजावलं, "उत्तरेश्वरा, तळापासनं दगडानं भर. पोकळ ठिवू नको, पोकळी माणूस मागती." दगड आणलेही होते. ते माझ्या घराच्या पायात गेले. विहिरीत मी उसाचं पाचट नि बाभळीच्या फांद्या टाकल्या, वरून काळी माती लोटली. पुढं तू तिथं कार्यालय काढलंस, जागा पक्की आहे का म्हणून मलाच विचारलंस, आणि मी हो म्हणालो. आईला खोटं बोललो, तुलाही. कार्तिकात ती भेग एवढी मन लावून भरली ती लपवायला. मला फार लाज वाटते.

अकरा वाजता पाण्याचा टँकर रोजच्या जागी येईल. दुपारी वऱ्हाडाच्या बस तिथंच लागतील, आणि ड्रायव्हर लोक सावलीला बसखालीच अंग टाकतात. काल मी कडेनं दगड मांडले, ते तुझ्या गड्यांनी बाजूला केले. दोरी बांधली, तर तिच्यावर मांडवाचं कापड वाळत घातलं. म्हणून आज त्या कड्याच्या मधोमध तुझीच एक खुर्ची टाकून बसलो आहे आणि हे पत्र मांडीवर लिहितो आहे. दगड उचलणारे नवरीच्या चुलत्याला उचलायला कचरतील. मघापासून खुर्चीचा मागचा पाय जरा खाली गेला आहे. टँकर हमरस्त्यावरच थांबव, बस कल्याणप्पांच्या रानात वळव, आणि मगच इकडं ये. रुसलेल्या चुलत्याची समजूत काढायला चार माणसं घेऊन येऊ नकोस. एकटा ये, आणि भेगेच्या बाहेर उभा राहूनच हाक मार.

तुझाच,
दादा