चांगला खांदा

३ मार्च
आज सकाळी बाबांच्या खोलीत माझं आयुष्य बदललं. फिजिओ माझ्याकडे बघून म्हणाली, तुमचा खांदा चांगला आहे. पुढे 'उंचीला' असंही काहीतरी म्हणाली, बाबांना धरून उभं राहायला सोयीचा वगैरे. ते आईसमोर बोलायचं म्हणून. मुली सगळंच उघड बोलत नसतात.

बाबांना पॅरालिसिस होऊन दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं. फिजिओ आठवड्यातून तीनदा सकाळी येते. मधल्या दिवसांत, आई ऑफिसला गेली की व्यायाम मी करून घ्यायचा. म्हणजे जबाबदारी माझ्यावर. म्हणजे विश्वास. म्हणजे कळलंच.

संकल्प: महिन्याभरात खांदे असे करायचे की दारातून तिरकं यावं लागेल.

४ मार्च
जिम. ट्रेनरने विचारलं, काय करतोस? म्हटलं, कॉलेज सोडलंय. (मीच सोडलं. सरांच्या अंगावर डस्टर मी फेकला, त्यामुळे निर्णय माझाच धरायचा.) तो म्हणाला, हलक्या वजनापासून सुरू कर. माझं डोकंच सटकलं. त्याच्या हातातलंच उचललं.

५ मार्च
उजवा हात वर जात नाही. शर्ट आईने घातला. बाबांचाही तीच घालते. बाबा पलंगावरून बघत होते. तोंड वाकडं झाल्यापासून ते हसतायत की नाही, काही कळत नाही.

त्यांचा व्यायाम राहिला. एका दिवसाने काय होतंय?

६ मार्च
ती मला 'दादा' म्हणाली. हे प्रोफेशनल दादा. नळवालाही मला साहेब म्हणतो, म्हणून मी काही साहेब होत नाही.

बाबांना समजावत होती, प्लॅन फिसकटला तर व्यायाम बदलायचा, सोडायचा नाही. उभ्याने जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर पडून. बोलत होती बाबांशी, रोख माझ्याकडे.

काल सगळं करून घेतलंत ना, असं विचारलं. म्हटलं, हो तर. बाबा काहीतरी सांगायला गेले. त्यांचा शब्द बाहेर पडेपर्यंत विषय बदलता येतो, एवढी एक सोय झालीये.

९ मार्च
बदललेला प्लॅन: जिम बंद, तिथली हवा चांगली नाही. घरीच जोर. आधी जमिनीवर. मग भिंतीला टेकून. मग गादीवर पडून, मनातल्या मनात. त्यानेही स्नायू वाढतात, मोबाइलवर वाचलं.

दुपारी बाबांचा हात ताणायचा रबरी पट्टा घेतला. तुटला. मालच हलका. बाबांनी डावा हात पुढे करून मागितला. म्हटलं, आज सुट्टी. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पैलवान. अख्खा शब्द! सुधारणा आहे, पण माझं श्रेय कोण देणार?

तुकडे माझ्या गादीखाली सारले.

१३ मार्च
ती म्हणाली, रोज व्यायाम होतोय तरी पाय का उचलत नाहीत, कळत नाही. कपाळाला आठी पडली की फार गोड दिसते. मी म्हटलं, बाबांचीच इच्छा कमी पडते. मग ती त्यांना थोडं रागावली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. या आजारात डोळे उगाच वाहतात. तिनेच सांगितलं होतं.

१७ मार्च
अपघात. तिने आज बाबांचा हात माझ्या खांद्यावर टाकून त्यांना दारापर्यंत न्यायला सांगितलं. खांद्याने दगा दिला. दोघं पडलो. बाबा खाली, मी वर. ती धावत आली. मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि बाबांना उठवलं.

आई माझ्या गादीवर त्यांना झोपवायला गेली, गादी सारखी करताना खालून पट्ट्याचे तुकडे निघाले. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला शब्द लागत नाहीत. आई म्हणाली, जन्मदात्याशी असं वागलास? फिजिओ माझ्याकडे पाठ करून आईला म्हणाली, उद्यापासून मी रोज येते, फक्त यांना लांब ठेवा.

रोज! 'लांब'चं बघता येईल.

२१ एप्रिल, जिन्यात
आज बोलून टाकलं. बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. तुम्हीच म्हणालात, खांदा चांगला आहे, इथपासून. ती म्हणाली, दादा, बाजूला व्हा, वाट अडवताय. तिच्या मागून बाबा येत होते. काठी टेकत. एकटे.

डोकं फिरलं. म्हटलं, या घरात मला किंमत नाही, आता मी स्वतःच्या पायावर उभा राहणार! बाबा म्हणाले, मी पण. आई फिसकन हसली. मी बॅग उचलली, डाव्या हाताने.

बाबांनी कडी काढून बाहेरचं दार उघडलं. हाच त्यांचा आजचा व्यायाम होता. मग धापा टाकत, एकेक शब्द वजनासारखा उचलत म्हणाले: मी मेलो, की ये. खांदा द्यायला.

तिने टाळ्या वाजवल्या. आजारानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण बोलणं. आईने डोळे पुसले. माझ्यासाठी नाही.

मी बाहेर पडलो. मागून तिची हाक आली. थांबलो. ती म्हणाली, दादा, दार लावून घ्या, त्यांना परत उघडायचंय.

आपटणारच होतो. पण तिने सांगितलं, म्हणून हळूच ओढून घेतलं.