जितक्या होड्या तितक्या फेऱ्या

प्रिय सलिल,

तुझी आई फोनवर म्हणाली, तू वाळलायस. पुण्यात तुला ताजी मासळी कोण घालणार? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बसून करायच्या कामाला गुडघा लागत नाही, म्हणून तुझं ते ओआरएम शिकायला घेतलं.

जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना तू मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीत माझा लिलावाचा प्रोग्रॅम पडद्यावर लावलास. पुस्तकं चाळत, चुकतमाकत लिहिलेला. माझ्या हातच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, दाखवून म्हणालास, हे मावशीचं पाट्यावरचं वाटप, आता मिक्सर आलाय; नुसतं होडी म्हणा, क्वेरी न लिहिता ओआरएम ती डेटाबेसच्या टेबलातून, त्या तक्त्यातून, आणून देतं. सगळे हसले. मीही हसले. तुला पहिली क्वेरी मीच लिहायला शिकवली होती.

मग म्हटलं, मिक्सर बघूच, तीन निरनिराळ्या बनावटींचे. हायबरनेट म्हणजे कचेरीतला जुना भाऊसाहेब, सगळं नीट मांडून दिलं तर काम चोख. एसक्यूएलअल्केमी मला आवडलं, झाकण उघडून आत काय शिजतंय ते बघू देतं. तुझं जँगो सगळ्यांत लाघवी. मागाल ते हजर. पण त्यासाठी पाठीमागे किती फेऱ्या मारल्या, ते विचारल्याशिवाय सांगत नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या भरून आल्या आणि माझ्या जागी बसवलेल्या तुझ्या नव्या प्रोग्रॅमचा पडदा गोठला. तू दाखवलंस तेव्हा यादीत नमुन्याच्या चार होड्या होत्या, आता अख्खं बंदर. लिलाव खोळंबला, बर्फ वितळला, बाबल्याची कोळंबी फुकट गेली. आणि तू चेअरमनना फोनवर सांगितलंस, दोष मावशीच्या जुन्या टेबलांचा. सलिल, ते हसणं मी गिळलं होतं. हे गिळणार नाही.

टेबलं धडधाकट आहेत. तुझा प्रोग्रॅम आधी होड्यांची यादी आणतो, मग एकेका होडीची मासळी विचारायला पुन्हा डेटाबेसकडे धावतो. सगळ्यांची एकदम मागितली की दोन फेऱ्यांत काम होतं. तशी सोय तुझ्या जँगोतच आहे. मी घरी करून पाहिली, पडदा भराभर चालतो. चेअरमन म्हणाले, आजच बसवा. मी नाही म्हटलं. तोवर लिलाव माझ्या जुन्या प्रोग्रॅमवर चाललाय.

पत्राचं कारण एवढंच. रविवारी सोसायटीत ये. पडदा तोच, माणसं तीच. आधी माइकवर टेबलांबद्दल खरं बोल. मग कीबोर्डवर तू बस, मी मागे उभी राहून सांगेन, लहानपणी सांगायचे तशी. नाही आलास तर दुरुस्ती मी करेन आणि चूक कोणाची होती ते पडद्यावर खाली लिहीन. रोज लिलावाला ते अख्खं बंदर वाचेल. आलास तर जेवूनच जा. सुरमईचं कालवण करते. वाटप पाट्यावरचंच असेल.

तुझीच,
पद्मजामावशी