तेच लाल औषध

आई, उद्या मला लाल औषध चढवणार आहेत. तुला दिलं होतं, तेच.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचंतिकडचं लिहीत बसेन. अंडाशयाची गाठ काढली तेव्हा वेगळी औषधं होती, ती निमूट घेतली. बरी झाले, शाळेत परत जाऊन पोरांवर ओरडलेसुद्धा. आता दुखणं उलटलंय आणि या वेळी डॉक्टरांनी नेमकं तुझं औषध काढलं. गेल्या सोमवारी नगरच्या दवाखान्यात सिस्टरनं ती लालसर पिशवी स्टँडला अडकवली. सुई अजून टोचायची होती. मी सवयीनं चष्मा लावून पिशवीवरचं नाव वाचलं, तुझंच औषध, आणि खाटेवरून पाय खाली सोडले. सिस्टर म्हणाली, "मावशी, लई घाबरल्या का वो?" मी म्हटलं, छे, बाथरूमला जाऊन येते. चपला घातल्या, खाली उतरले, रिक्षा केली आणि शेवगावच्या एसटीत जाऊन बसले. जिची नुसती चाहूल लागली की सातवीचा वर्ग चिडीचूप होतो, ती बाई दवाखान्यातून पळून आली. लेक चहा आणायला गेली होती, ती दोन कप हातात घेऊन रिकाम्या खाटेपाशी उभी. फोनवर म्हणाली, "आई, तू लहान आहेस का गं?" मी कंडक्टरकडून तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तुझ्या वेळचं मला अजून लख्ख दिसतं. तू आणि अण्णा पुण्याहून एसटीनं परत येता. तुझे ओठ घट्ट मिटलेले, मांडीवर टॉवेल. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरतेस आणि फोडणीचा वास येताच तोंडाला पदर लावून मागच्या दारी जाऊन बसतेस. केस गेले, चव गेली, पण छातीतली गाठ विरत चालली. एकदा माझा हात धरून तू तिथं ठेवलास आणि म्हणालीस, "बघ, न्हाई लागत आता." इतकी हसलेली मी तुला त्या वर्षात पाहिली नव्हती. मग पाय सुजायला लागले. ओसरीची एवढीशी पायरी चढताना चौकटीला धरून उभी राहायचीस. औषधानं हृदय थकलं, असं डॉक्टर अण्णांना म्हणाले. गाठ गेली आणि मागोमाग तूही गेलीस. आईला औषधानं नेलं, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते मला सोयीचंही होतं. औषध काही आईकडून लेकीकडे येत नाही. आजार येतो, छातीत नाही तर अंडाशयात.

परवा लेकीनं मला दंडाला धरून पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाई कसली, तिच्याच वयाची पोर ती. रागावली नाही. कागदावर एक गोल काढून म्हणाली, "काकू, औषध तेच आहे, पण आता ते उघडं सोडत नाहीत. स्निग्ध पदार्थाचे बुडबुडे करतात, नॅनो म्हणतात तेवढे बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचे नाहीत. त्यांच्या पोटात औषध भरलेलं असतं. चांगल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, तिथून ते सहसा बाहेर पडत नाहीत. गाठीनं आपल्यापुरत्या घाईघाईत बांधलेल्या वाहिन्यांना फटी असतात. तिथून झिरपतात आणि औषध गाठीत सुटतं." मी विचारलं, आणि हृदय? "त्याच्या वाट्याला बरंच कमी येतं." कमी म्हणजे किती? तिनं पेन खाली ठेवलं. "अजिबात येत नाही असं मी म्हणणार नाही, काकू. तुमचं हृदय आधी तपासलंय, मधूनमधून तपासत राहू." तळहात-तळपायांची साल निघू शकते, पहिल्या वेळी एखाद्याला धाप लागते म्हणून अगदी सावकाश सोडायचं, हेही सांगितलं. आणि गाठीपर्यंत पोचलंच नाही तर? "काहींच्या बाबतीत तसंही होतं," म्हणाली. थोडं खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण तो गोल बघितला आणि मला आपला गोठा आठवला. तांबडीच्या कासेला सूज आली होती, ढोरांच्या डॉक्टरनं कडूजहर पूड दिली होती. तू बाजरीची भाकरी गुळात मळून तिचा गोळा केलास, मधे बोटानं खळगा पाडून त्यात पूड भरलीस आणि तोंड लिंपून टाकलंस. दावं माझ्या हातात. तांबडीनं शिंगं हलवली मात्र, मी दावं सोडून दिलं. तिनं तुला ढकललं, तू गव्हाणीवर आदळलीस, गोळा शेणात. गाईला तू काहीच बोलली नाहीस. लुगडं झटकलंस आणि माझ्याकडे वळलीस. "भ्यायचं आसंल तर भी, पन दावं सोडू नको. तू सोडलंस की ती आजून बुजती." दुसरा गोळा करून आणलास. मी भीत भीतच दावं दोन्ही हातांनी धरलं, आणि तांबडीनं तुझ्या हातून तो गोळा खाल्ला. पुढे ती बरी झाली का, हे मात्र मला आठवत नाही. परवापासून कितीदा आठवून बघतेय. विचारायला आता कुणी उरलं नाही.

लेक आतल्या खोलीत उद्याची पिशवी भरतेय. टॉवेल, पाण्याची बाटली, मोजे. मघाशी म्हणाली, "आई, या वेळी तुझ्या चपला माझ्याकडे ठेवू का?" दोघी हसलो. हसू थांबलं तरी तिला पिशवीची चेन काही लावता येईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आजार कुणाकडून कुणाकडे येतो, हे त्या पोरीलाही ठाऊक आहे. परवा डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त कान देऊन ऐकत होती. सोमवारी मी एसटीत जाऊन बसले, तेव्हा ती त्या खाटेपाशी एकटी काय काय विचार करत उभी राहिली असेल, हे मी आजपर्यंत मनातही आणलं नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकून पोचणार तरी कुठं. लेकीला मी सांगितलंय, आता भीती गेली माझी. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? गेलेली नाही. भितेय मी, आई, लई भितेय. पण उद्या खाटेवर बसले की चपला काढून तिच्या हातात देणार आहे.