पडद्यावरचा हात

मंगळवार, १० मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

चि. भाचेसाहेबांस आशीर्वाद.

वर लिहिलेल्या वेळी, तुझ्या कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये, नव्या कामगारांसाठीच्या तुझ्या तासाला, पडद्यावर मला माझ्या बहिणीचा हात दिसला. मनगटाजवळचा भाजल्याचा डाग, दोन बोटं नाहीत, आणि खाली ठळक अक्षरांत ‘निष्काळजीपणाचा परिणाम’. ताई तिथेच प्रेस मशीनवर होती तेव्हा माल लवकर निघावा म्हणून, हात आत जाऊ नये यासाठी बसवलेली जाळी सुपरवायझरने काढायला लावली, आणि बोटं गेली. हे तू शाळेत असल्यापासून ऐकत आलायस. वर चहाला विचारलंस, कार्यक्रम कसा वाटला. तोंडात बिस्किट होतं, म्हणून वाचलास.

उत्तराची वाट पाहणारी,
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू सांगतेस त्या तुझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर परवडल्या, पट्टी मारून मोकळ्या तरी व्हायच्या. फोटो कंपनीच्या फायलीतला आहे, नाव कुठेच नाही. जाळीचं मी लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं. म्हणाले, कामगार तयार करतोयस की संप? या महिन्यात मला कायम करणार आहेत गं. शिवाय तो हात पाहून पोरं सावध होतात. आईला सांगू नकोस. राग निवळला की जेवायला ये.

तुझाच,
भाचा

१७ मार्च

चि. भाच्यास आशीर्वाद.

पोरं सावध होतात, पण कशापासून? स्वतःच्याच हातांपासून? जाळी नसेल तर, सुपरवायझर कितीही ओरडला तरी, मशीन चालू करायचं नाही, हे त्यांना कोण शिकवणार? उद्या आणखी कुणाची बोटं गेली तर खालची ओळ तुझ्याकडे तयारच आहे.

साहेबांनी खोडलं, मान्य. पण पडद्याला काठी लावून, या बाईंनी घाई केली, असं तूच म्हणालास. या बाईंनी.

ताईने तुझ्या तासाबद्दल विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं की मला नीट ऐकू आलं नाही. ती हसली, म्हणाली, तुझे कान गेले, आता मीच जाते. येत्या मंगळवारी, तुला न कळवता, मागच्या रांगेत बसून मुलाचा तास बघायचं तिने ठरवलंय. पडदा लांबून स्पष्ट दिसावा म्हणून नवा चष्माही करून घेतलाय.

तिला अडवायला माझ्यापाशी दुसरी थाप नाही. लोभ आहे, तूर्त कुलपात आहे. ती ओळ बदलतोस की नाही, ते तुझ्या सहीनिशी सोमवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

मावशी