समुद्राच्या तळाचा गाळ

दादा,

मोठा आहेस म्हणून नमस्कार करते.

आईला सांग, जहाजावर मी ठणठणीत आहे, उलट्याही थांबल्यात. तिचा गुडघा कसा आहे?

गाळ काढायची तुझी नळी चार किलोमीटर खाली, समुद्राच्या तळाशी सोडली. तीन तासांनी ती रिकामीच वर आली. खालच्या झडपेची स्प्रिंग कमजोर आहे, हे मी वर्कशॉपमध्येच तुला दाखवलं होतं. "तुला काय कळतंय?" म्हणालास. इथे सगळ्यांसमोर मान खाली गेली ती माझी.

मग मी पत्रा कापून नवी झडप बसवली. काल हातभर गाळ आला, बर्फासारखा गार. मला रडूच फुटलं.

अहवालातलं तुझं नाव खोडून मी माझं लिहिलंय. बाबांकडे कितीही कांगावा केलास तरी ते बदलणार नाही.

आईला हे पत्र काही न गाळता वाचून दाखव.

धाकटी