राउंडला ती बरंय म्हणाली

३ नोव्हें., सोम.
शोभाला जाऊन दोन महिने झाले. सकाळी चहा दोघांचा टाकला गेला. दुसरा कप झाकून ठेवला, दुपारी ओतला.
संध्याकाळी मीनल ऑफिसमधून थेट आली. वकिलांनी केलेला नोटिशीचा मसुदा आणला. सर्जन आणि हॉस्पिटल, दोघांवर. "बाबा, शांतपणे वाचा आणि सही करून ठेवा."
वाचतो म्हटलं.

५ नोव्हें., बुध.
मसुदा तीनदा वाचला. बहुतेक सगळं खरं आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन, चौथ्या दिवशी घरी, दोन दिवसांत परत अ‍ॅडमिट, पोटात इन्फेक्शन. मग आयसीयूचे चार दिवस. आम्ही बाहेर बाकावर आणि डॉ. मागच्या लिफ्टने जायचे. ती गेल्याचं सांगायलाही आले नाहीत. फाईल घेतलेली एक बाई आली, मॅनेजर की कोण.
मुद्दा ७: 'घरी सोडण्यापूर्वी रुग्णाची विचारपूस केली नाही.' इथे अडलो.

६ नोव्हें., गुरु.
लिहूनच टाकतो.
घरी सोडलं त्या सकाळी तिला उजव्या बरगडीखाली कळ होती. कुशीवर वळवेना. मला म्हणाली, आज डॉक्टरांका सांगूया. मग राउंड आला. तिने पदर नीट केला, केस मागे सारले.
"काय आई, कसं वाटतंय?"
"बरंय."
"मग आज घरी."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
ते गेल्यावर विचारलं, सांगितलं का नाहीस? "तेंका कित्याक तरास. मागे धा जण उभे."
आमच्या घरात असंच. कोणी विचारलं की बरंय. मीसुद्धा दुसरं काही कधी म्हटल्याचं आठवत नाही.
मीनलला यातलं काही माहीत नाही.

९ नोव्हें., रवि.
मीनलला सांगितलं.
"आई बरंयच म्हणणार. तापाने फणफणली तरी बरंय म्हणायची. त्याला एक मिनिट थांबून पोटाला हात लावायला काय झालं होतं?"
तेही खरं.
म्हटलं, मला त्यांना एकच विचारायचंय, नोटीस जायच्या आधी. एकदा गेली की ते बोलणार नाहीत, वकीलच म्हणाले.
"आणि तुम्ही आधी गेलात की ते सावध होणार. बाबा, प्लीज. आता तरी चांगुलपणा नको."
चिडून निघाली. दारातून परत आली, डबा ओट्यावर ठेवला. "शेवग्याची आमटी आहे. आजच संपवा."

११ नोव्हें., मंगळ.
घरात मालवणी बोलायला कोणी उरलं नाही. मीनलला कळते, पण ती मराठीतच उत्तर देते. आज गॅलरीत कबुतराला हाकलताना तोंडातून निघाली. मग तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.
शोभाचा चष्मा अजून फ्रीजवर आहे. काच पुसून परत तिथेच ठेवला.

१३ नोव्हें., गुरु.
ओपीडीत गेलो. मीनलला न सांगता.
काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. शोभाचं सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बसा काका."
दोन तासांनी नंबर आला. मला बघून डॉ. खुर्चीतून उठले. राउंडला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहेत वयाने.
"काका. कसे आहात?"
तोंडावर आलं होतं. गिळलं.
"बरं नाही," म्हटलं.
ते बसले. मी विचारलं, त्या सकाळी मी कळ सांगितली असती, तर ती राहिली असती का?
पेनचं टोपण काढत-घालत राहिले. "या केसबद्दल बोलू नका असं मला हॉस्पिटलने सांगितलंय." मग खाली बघून, "आई बरंय म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात पोटावर होता. मला आठवतंय."
मला आठवत नव्हतं. मी पदराकडेच बघत होतो.
मग म्हणाले, "शनिवारी ओपीडी संपल्यावर या. फाईल काढून ठेवतो. मुलीलाही आणा."

घाटकोपर स्टेशनपासून चालत घरी आलो. मसुदा टेबलावर तसाच आहे.
डॉक्टरांना तो हात दिसला होता हे मीनलला सांगितलं, तर ती उद्याच नोटीस धाडेल. नाही सांगितलं, तर पुन्हा मी नुसती मान हलवून गप्प बसलो, असं होईल.
तिचे दोन फोन येऊन गेले. तिसरा आत्ता वाजतोय.