शालूचा शेवटचा उपास

अमरावती,
सोमवार, १० नोव्हेंबर १९४१

प्रिय पार्बता,

अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील तर पुढचं वाच. इस्पितळातून लिहिते आहे. शालूला इथे आणून आज बारा दिवस झाले.

तिचे झटके म्हणजे देवीचा कोप, असं धरून मी तिला सोमवार करायला लावले, मग शुक्रवार, मग नवरात्राचे नऊही दिवस. उपास वाढले तसे झटके वाढले आणि मला मूर्ख बाईला वाटायचं, आपलंच कुठे चुकतंय, अजून कडक करावं. सातव्या माळेला तिचे डोळे फिरले तेव्हा तू तिच्या तोंडात गुळाचं पाणी घातलंस. थोड्या वेळात पोरगी उठून बसली. आणि मी पातूरच्या चार बायांसमोर तुला म्हणाले, "तुले लेकरू नाई, तुले काय समजते? उपास मोडला माह्या पोरीचा!" तू पिशवी उचलून अकोल्याला निघून गेलीस. मी थांबवलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, झटक्यात काही गोड दिलं तर शुद्धीवर येते का? मला तुझा गूळ आठवला. खात्रीसाठी त्यांनी तिला उपाशी ठेवलं. झटका आला, शिरेत साखर सोडली, पोरीने डोळे उघडले. जठराच्या मागे हरभऱ्याएवढी गाठ असावी म्हणतात, ती अंगातली साखर संपवते. म्हणजे तेरा वर्षांच्या लेकीला दर सोमवारी मीच मारत होते गं.

गुरुवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी असलं ऑपरेशन नुसतं वाचलंय, कधी केलेलं नाही. गाठ हाताला लागेलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. शालूचे बाबा दिवसभर बाहेर कडुनिंबाखाली बसून असतात.

बुधवारी संध्याकाळपासून तिला तोंडाने काही द्यायचं नाही. शिरेतून साखर चालू ठेवू, घाबरू नका म्हणतात. पण ती मागेल, पार्बता. आजवर तिने मागितलं आणि मी दिलं नाही. या वेळी मी देऊन बसेन, माझा माझ्यावर भरवसा उरला नाही. तू तिच्याजवळ बस, मला बाहेर काढ. बुधवारी सकाळच्या गाडीने ये, हे बडनेऱ्याला घ्यायला येतील. कालच ती विचारत होती, "मावशी काहून येत नाई?"

येताना थोडा गूळ आण. शुद्धीवर आली, डॉक्टर हो म्हणाले, तर पहिला खडा तुझ्याच हातचा.

तुला दारातून घालवणारी, तरी तुझीच,
माणिक